तात्यासाहेबांची भिंत

तात्यासाहेब कुणाला काही विचारत नसत. ते सांगत. मी देऊळगाव राजाला त्यांच्या शेजारी घर बांधायला घेतलं तेव्हा एका सकाळी ते कुंपणाच्या तारेवरून पाय टाकून सरळ आत आले. पांढराशुभ्र सदरा, खिशाला दोन पेनं. वाळूच्या ढिगाऱ्याला एक फेरी मारून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही प्राध्यापक. ही पश्चिमेची खिडकी तुम्ही बुजवणार, कारण दुपारचं ऊन. आणि आज जेवायला आमच्याकडे येणार." या दोन्ही गोष्टी मी ठरवल्या नव्हत्या. दोन्ही झाल्या. पश्चिमेच्या उन्हाबद्दल त्यांचं बरोबर निघालं, याचा मला बरेच उन्हाळे राग येत असे.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. शोकसभा मोठी झाली. तालुक्यातल्या ज्या ज्या खुर्च्यांवर ते बसले होते, त्या प्रत्येक खुर्चीतर्फे एकेक जण बोलला. सहकाराचा आधारवड कोसळला, दीपस्तंभ विझला, असं बरंच काही पडलं आणि विझलं. त्यांच्या पत्नीबद्दल, वत्सलाकाकूंबद्दल मात्र कुणी बोललं नाही आणि न्हाणीघराच्या भिंतीबद्दल बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता. ती भिंत मी रोज बघत होतो, म्हणजे खरं तर ऐकत होतो. त्यांच्या न्हाणीघराची खिडकी माझ्या परसाकडे उघडते.

त्या न्हाणीघराला इतिहास होता. कुठल्याशा समितीच्या अभ्यासदौऱ्यात तात्यासाहेब मुंबईच्या हॉटेलात राहून आले आणि त्या अभ्यासाचं फळ म्हणून घरात आंघोळीचा टब आला. तालुक्यातला पहिला. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नारळ फुटला, पेढे वाटले गेले, काकूंनी नळाला हळदकुंकू लावलं. नवं बाळ बघायला यावं तशी माणसं आठवडाभर टब बघायला येत होती. तात्यासाहेबांनी त्यात आंघोळ एकदाच केली. काकू माझ्या बायकोला सांगत, "बसले त ऐटीत. मंग उठताच येईना. मले हाक मारली, तेही मोठ्यानं नाही, पावने बसले होते ना बाहेर."

पुढे टबाचं काय व्हायचं ते आमच्या गावात ठरलेलंच होतं. नळाला पाणी आठवड्या-दहा दिवसांनी यायचं. एवढं मोठं भांडं घरात असताना ते रिकामं ठेवणं म्हणजे उधळपट्टी. टब काठोकाठ भरून त्यावर प्लायवूडचा तुकडा झाकण म्हणून आला आणि काकू त्यातून तांब्या-तांब्यानं पाणी काढू लागल्या. नळ आला की टब भरून वाहायचा, ते पाणी भिंतीला लागायचं. कुणाचं लक्ष नव्हतं. भिंतीवर गुलाबी फुलांच्या टाइल्स होत्या, त्या छान दिसत होत्या.

वत्सलाकाकू बोलक्या होत्या, पण तात्यासाहेब घरात नसताना. कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहून त्या आणि माझी बायको तासन्‌तास हसत. तात्यासाहेबांच्या गाडीचा आवाज आला की काकूंचं बोलणं एका शब्दावर, आमच्याकडच्या 'हो'वर यायचं. "दोन एकरांत आपण हरभरा घेणार आहोत." "हाव." "विवेकला पुण्याला शिकायला ठेवतोय." "हाव." "रविवारी वीस माणसं जेवायला आहेत." "हाव." त्यात कुरकुर नसे, उत्साहही नसे. हिशोबाच्या कागदावर शिक्का उमटावा तसा तो शब्द उमटत असे.

मग काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता. "हाव." पाणी पाहिजे का, हाव. दुखतं का, हाव. दुखत नाही ना, हाव. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा मामला असा असतो, एखादाच शब्द उरतो. माझी बायको घरी येऊन म्हणाली, "या घरात त्यांना एवढाच लागायचा." आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आपटत राहिली.

व्यायाम करून घ्यायला जालन्याहून एक तरुण मुलगी यायची. ती तात्यासाहेबांना मुळीच घाबरत नसे. तिचं म्हणणं असं की कोमट पाण्यात बसवून हातपाय हलवले तर आखडलेले स्नायू सुटतील, पण ते या काही महिन्यांतच. नंतर शरीर जसं आखडेल तसंच राहील. आणि त्यासाठी हा जुना उंच टब चालणार नाही. कमी उंचीचा, आत बसायला पायरी असलेला टब हवा आणि भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. काकू डाव्या हातानं तो धरून उतरतील, उठतील. "सगळा भार त्या दांड्यावर येईल," ती म्हणाली. "तो हलता कामा नये."

तात्यासाहेब म्हणाले, "हलणार नाही." त्यांनी भिंतीलाही आदेश दिला होता.

गजानन मिस्त्रीला बोलावणं गेलं. गजानन म्हणजे गालात तंबाखूचा खर्रा आणि जिभेवर उत्तर. त्यानं आधी सोपा मार्ग सांगितला. "जुन्या टाइलवरच नवी टाइल चिपकवतो. दोन दिवसांत न्हाणीघर चकाचक. कोनाले कळतही नाही." तात्यासाहेबांना चकाचक हा शब्द आवडला. पण जुना टब काढला आणि मागची भिंत उघडी पडली. काळपट, ओली, वर मिठासारखा पांढरा थर. गजाननानं अंगठा दाबला तर गिलावा आत गेला. दोन टाइल्स हात न लावताच गळून पडल्या.

"तात्यासाहेब," गजानन म्हणाला, "ही भिंत नाही, हे चहात बुडवलेलं बिस्किट हाये. हिच्यात दांडा ठोकला त काकू आणि दांडा सोबतच खाली येतीन. इटीपर्यंत खरडा लागते सगळं. वाळू द्या लागते. मंग नवा गिलावा."

"खरडणार," तात्यासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजाननाच्या माणसानं तोडायचं मशीन सुरू केलं आणि त्या आवाजाच्याही वर एक किंकाळी आली. मी माझ्या परसात होतो. आधी मला वाटलं मशीनचंच काही बिघडलं. मग धावत गेलो. काकूंची खोली न्हाणीघराला लागून. त्या पलंगावर थरथरत होत्या, डावा हात कानावर, तोंड उघडं, आणि आवाज थांबतच नव्हता. मशीन बंद केलं तरी कितीतरी वेळ थांबला नाही. दुपारी पुन्हा प्रयत्न झाला, हातोडीनं. पहिल्याच घावाला तेच.

मुलाचा, विवेकचा, पुण्याहून फोन आला. त्यानं व्यवहार्य तोड काढली. काम होईपर्यंत आईला मावशीकडे जळगाव जामोदला हलवा. तात्यासाहेबांना पटलं. ते काकूंच्या पलंगाशी जाऊन म्हणाले, "तू महिनाभर बहिणीकडे राहणार आहेस."

"हाव," काकू म्हणाल्या.

गाडी दाराशी आली. काकूंची देखभाल करणाऱ्या शोभाबाई त्यांना उठवायला गेल्या तर त्यांना काकूंचा हात पलंगाच्या कठड्यावरून सोडवता येईना. डाव्या हाताची बोटं कठड्याला आवळलेली, पांढरी पडलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शोभाबाई म्हणाल्या, "काकू, जायचं ना बहिणीकडे?"

"हाव," काकू म्हणाल्या, आणि बोटं आणखी आवळली.

मी तिथेच होतो, खुर्ची उचलायला म्हणून बोलावलेला. तात्यासाहेब त्या हाताकडे बघत राहिले. त्यांना इतका वेळ एखाद्या गोष्टीकडे न बोलता बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी ड्रायव्हरला गाडी परत न्यायला सांगितलं. विवेकला फोन करून म्हणाले, "नाही जात ती." पलीकडून बहुधा आई तर हो म्हणाली असं काहीतरी आलं असावं. तात्यासाहेब म्हणाले, "तिच्या हो म्हणण्यावर जाऊ नको तू," आणि फोन ठेवला.

मशीनची गोष्ट तशीच अडकली. दोन-तीन दिवसांनी गजानन आला तेव्हा तात्यासाहेब त्याला म्हणाले, "घाव अचानक येतो म्हणून ती घाबरते. आधी सांगून मार." गजाननानं सांगून पाहिलं. "काकू, मारतो बरं!" किंकाळी. त्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता, आणि सांगितलं काय, न सांगितलं काय, घाव येणारच होता. तेव्हा तात्यासाहेब दाराच्या चौकटीत उभे राहिले. काकूंना ते दिसत होते. थोडा वेळ ते नुसतेच उभे होते. विचारायची त्यांना सवय नव्हती. मग ते म्हणाले, "मारू का?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. कठड्यावरचा हात सैल होता. "हाव."

तात्यासाहेबांनी गजाननाला खूण केली. घाव पडला. काकू दचकल्या, पण ओरडल्या नाहीत.

"पुन्हा मारू का?"

"हाव."

अशा पाच-सहा घावांत एक टाइल निघाली. गजाननानं खर्रा थुंकून हात जोडले. "तात्यासाहेब, एकेक घाव इचारून मारत बसलो त दिवाळी येईन. माह्यी तिकडं दोन घरं उघडी पडेल हायेत."

"तर मग मी मारणार," तात्यासाहेब म्हणाले.

गजानन आधी हसला. मग त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि छन्नी त्यांच्या हातात दिली. "सरळ नका मारू, तिरपी धरा. वरून खाली या. खालून सुरू केलं त वरचं डोक्यावर येईन. आन्‌ भिंत बोलते तसं करा, ताकद नका दाखवू."

ज्या माणसानं आयुष्यात पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला पंचा गुंडाळून न्हाणीघरात उभा होता. पांढरा सदरा उतरला होता. बंडीवर धूळ. मधलं दार उघडं ठेवलेलं, काकू पलंगावरून बघताहेत. माझ्या परसात झाडांना पाणी घालता घालता मला ऐकू यायचं, "मारू का?" मग थोडी शांतता. मग "हाव." मग घाव. मग गिलाव्याचा खच खाली पडल्याचा आवाज. पुन्हा, "मारू का?" त्यात एक लय आली होती. एखाद्या देवळात पुजारी आणि भक्त यांचं चालतं तसं, फक्त इथे पुजारी कोण ते ठरवणं अवघड होतं.

त्यांचं काम वाईट होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी भिंतीपेक्षा स्वतःच्या अंगठ्यालाच जास्त घाव घातले. जिथे गिलावा आपण होऊन पडत होता तिथे जोर लावायचे, जिथे चिवट होता तिथे कंटाळायचे. गजानन संध्याकाळी येऊन बघायचा आणि म्हणायचा, "हे काय उंदरानं कुरतडलं का?" तात्यासाहेब, ज्यांच्यासमोर अधिकारी उभ्यानं बोलत, ते निमूट ऐकून घ्यायचे. पण रोज हातभर वीट उघडी पडत होती.

गावाला कळायला वेळ लागला नाही. लोक येऊ लागले. एकदा त्यांचा सत्कार करायला निघालेली कुठलीशी गौरव समिती आली, पाच-सहा जण, सोबत छापील पत्रिकेचा मसुदा. तात्यासाहेबांनी त्यांना काकूंच्या खोलीतच खुर्च्या दिल्या आणि स्वतः न्हाणीघरात गेले. समितीचे अध्यक्ष सांगू लागले, "तात्यासाहेब, आपलं कार्य म्हणजे या मातीला..."

"मारू का?" आतून.

"हाव," पलंगावरून.

धाड.

"...म्हणजे या मातीला पडलेलं एक..."

"मारू का?"

"हाव."

अध्यक्षांनी तीन वेळा वाक्य सुरू केलं. मग खाली बघत राहिले. एक तरुण कार्यकर्ता हळूच म्हणाला, "तात्यासाहेब, मजूर देऊ का पाठवून?" धुळीनं पांढऱ्या झालेल्या भुवया दारातून बाहेर आल्या. "मजूर आहेत बे भरपूर. ते तिच्या ओळखीचे नाहीत." तात्यासाहेब भाषणात शुद्ध बोलत आणि चिडले की वऱ्हाडी. त्या दिवसांत ते बरेचदा वऱ्हाडीच बोलत, पण चिडलेले नसत.

एक दिवस मी परसात असताना "मारू का?" आलं आणि पुढे काहीच आलं नाही. पुन्हा "मारू का?" शांतता. मी पाइप बंद केला. मग एक आवाज आला, अडखळत, जणू कुणी जड पेटी दारातून बाहेर ओढत आहे.

"न... को."

 मग तात्यासाहेब मागच्या दारानं माझ्या परसात आले. हातात छन्नी तशीच.

"सर," ते म्हणाले, "नको म्हणाली."

मी पाइप खाली ठेवला. चांगली गोष्ट आहे म्हटलं.

"नको म्हणाली," ते पुन्हा म्हणाले आणि माझ्या पायरीवर बसले. तिथे बसून त्यांनी छन्नीवरची धूळ बोटानं पुसली, अगदी टोकापासून मुठीपर्यंत.

त्या दिवशी काम झालं नाही. दुसऱ्या दिवशीही "मारू का?" ला "नको" आलं. गजानन संध्याकाळी आला आणि भिंत जिथल्या तिथे बघून वैतागला. "काऊन थांबले?"

"ती नको म्हणते."

"काऊन नको?"

"काऊन ते सांगाले शब्द नाही ना बा तिच्याजवळ. नको आला, तेवढा आला."

"मंग मी काय करू?"

"तू चहा घेणार..." तात्यासाहेब म्हणाले, आणि जरा थांबले. "घेतोस का चहा?"

गजानन इतका चमकला की त्यानं चहा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा "हाव" आलं. आता मात्र त्या शब्दाचं वजन वेगळं होतं. नको म्हणता येणाऱ्या माणसाचा तो होकार होता. हे माझं निरीक्षण. घाव घालण्यापूर्वी तात्यासाहेब आता एक क्षण जास्त थांबत, उत्तर बदलायला वेळ द्यावा तसे.

भिंत विटांपर्यंत उघडी झाली. गजाननानं सांध्यांतली माती खरवडून काढली, विटांवरचं पांढरं मीठ तारेच्या ब्रशनं घासलं आणि पंखा लावून ठेवला. ओली वीट गिलाव्यानं झाकली तर ती आतून पुन्हा तेच करते, असं त्याचं म्हणणं. ते वाळणं लांबलं. जालन्याची मुलगी रोज म्हणायची, "काका, दिवस चाललेत." तात्यासाहेब रोज तळहात विटेला लावून बघायचे. शेवटी गिलावा झाला. दांड्याच्या जागी गजाननानं जुन्या कुजक्या विटा काढून नव्या घातल्या. ओल्या गिलाव्यावर टाइल धरावी म्हणून आडव्या-तिडव्या रेघा ओढल्या. मग रोज सकाळ-संध्याकाळ तराई, म्हणजे गिलावा तडकू नये म्हणून भिंतीवर पाणी मारायचं. ते काम तात्यासाहेबांनी कुणाला दिलं नाही. त्याला आवाज नव्हता, तरी विचारायचे, "पाणी मारू का?" बहुतेक सवयीनं. किंवा मला तसं वाटलं.

टाइल्स बसल्या, साध्या पांढऱ्या. टब बसला. दांडा बसला. गजानन त्याला लोंबकळला, पाय वर घेऊन, सगळ्यांदेखत. दांडा हलला नाही. भिंतही हलली नाही.

पुण्याहून विवेक आला. चांगला मुलगा, पण तो वडिलांच्याच घरात वाढला होता. त्याला वाटलं, आज आई टबात बसेल. जालन्याची मुलगी हजर. शोभाबाई टॉवेल घेऊन उभ्या. पाणी भरलं. तात्यासाहेबांनी काकूंची खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी आणली आणि विचारलं, "बसायचं का?"

काकूंनी टबाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. "नको."

"आई, अगं बाबांनी सगळं तुझ्यासाठी केलंय," विवेक म्हणाला. "बस ना जरा."

"नको."

विवेकनं शोभाबाईंना खूण केली आणि आईच्या काखेत हात घातले. बरं व्हायचं असेल तर औषध पाजावंच लागतं, अशा अर्थाचं काही तो म्हणत होता. काकूंचा डावा हात खुर्चीच्या दांडीला गेला.

"ठेव खाली," तात्यासाहेब म्हणाले.

"बाबा, तिला कळत नाहीये!"

"तिले कळते. तुले कळून नाही राह्यलं."

टबातलं पाणी गार झालं. शोभाबाईंनी ते झाडांना घातलं, गावात पाणी असं कुणी सोडत नाही. विवेक दोन दिवस राहून परत गेला, जाताना माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, तुम्ही समजवा त्यांना. आईचा हात कायमचा जाईल." जालन्याच्या मुलीचं म्हणणं तेच होतं आणि तिचं खोटं नव्हतं. काकूंच्या उजव्या हाताची बोटं तळहातात वळू लागली होती. शोभाबाई रात्री त्यांच्या मुठीत कापडाची गुंडाळी ठेवत.

रोज सकाळी तात्यासाहेब विचारत. रोज नको येई. त्यांची झोप गेली. एक दिवस ते माझ्या ओसरीवर आले, बसले, आणि समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी म्हटलं असतं ना का बस, त बसली असती ती."

"बसल्या असत्या," मी म्हणालो.

"हात सुधारला असता."

"सुधारला असता कदाचित."

"मंग मी चुकून राह्यलो का?"

मी आयुष्यभर वर्गात उभा राहून उत्तरं दिली.  त्या दिवशी मी चहा करायला आत गेलो. परत आलो तेव्हा ते उठून गेले होते.

उन्हाळा चढला. सकाळी नऊलाच पत्रे तापायचे. अशाच एका सकाळी, माझं झाडांना पाणी घालून झालं होतं, पलीकडून "बसायचं का?" आलं, आणि त्यामागून, अजिबात न थांबता, "हाव." मी खिडकीपासून लांब सरकलो. ऐकण्याच्याही काही मर्यादा असतात. तरी शोभाबाईंचा आवाज आला, "हळू, काकू, दांडा धरा, असं," आणि मग पाणी हललं. भरलेल्या भांड्यात माणूस उतरल्यावर पाणी जसं वर येतं आणि काठाला लागतं, तो आवाज. गजाननानं बांधलेली भिंत गप्प राहिली. त्यानंतर बराच वेळ फक्त पाण्याचा आवाज येत होता, मधूनच शोभाबाईंचं हसू.

मग मागचं दार उघडलं आणि तात्यासाहेब बाहेर आले. बंडी भिजलेली, धोतर पोटरीपर्यंत वर खोचलेलं, केसांतून पाणी गळतंय. हातात रिकामी बादली. कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"सर, तुमच्या हौदातलं गार पाणी पाहिजे. आमच्या वरच्या टाकीतलं तापून गेलं सगळं."

मी हौदाचं झाकण काढलं. "काकू बसल्या?"

"बसली." ते बादली बुडवता बुडवता थांबले. "कढत म्हणाली."

"काय म्हणाल्या?"

"कढत. पाय टाकला न्‌ मले म्हणाली, कढत." त्यांनी डोळे पुसले, पाणी सगळ्या चेहऱ्यावरच होतं. "मी माह्या हातानं पाहून टाकलं होतं. मले बरोबर वाटलं. मले पहिल्यापासून असंच लागते. लग्न झालं तेव्हापासून बंब माह्या हिशोबानं तापे, माह्यी आंघोळ झाली का तेच पाणी तिच्यासाठी. नंतर गिझर आला, तोही मीच लावून ठेवला."

बादली भरली होती. ती त्यांनी वर ओढली आणि हौदाच्या काठावर टेकवली.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "ती कढत पाण्यानंच आंघोळ करून राह्यली होती काय हो?"

 आतून शोभाबाईंनी हाक मारली. तात्यासाहेबांनी बादली दोन्ही हातांनी उचलली, आणि पाणी सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत आत गेले.